संघ नव्याने उभा करताना तरुण पोरांना कधी आणि किती खेळवायचं?

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. बेंगळूरच्या लीगमध्ये खेळणाऱ्या एका खात्याच्या हॉकी संघाची सूत्रं यंदा तुमच्या हाती आली आहेत. गेल्या दोन हंगामांत सहा-सात जुने खेळाडू गेले. काही निवृत्त झाले, काही बढती घेऊन कचेरीत बसले. मागच्या वर्षी संघ तळाला राहिला, पण वरिष्ठांनी तीन वर्षांची मुदत दिली आहे. करारावर घेतलेली १८ ते २० वयाची पाच पोरं तुमच्याकडं आहेत, त्यांतली तीन आपल्या बेळगाव भागातली, खानापूर आणि चिकोडी तालुक्यांतली. तुम्ही विचारता, 'नाहीतरी हरायचंच आहे, तर पाचही जणांना पहिल्या सामन्यापासून उतरवावं, की वर्षभर बाकावर बसवून शिकू द्यावं?' आणि एकाच्या वडिलांचा सारखा फोन येतो, त्यांना काय सांगायचं, हेही विचारलं आहे.

मी खात्याकडून खेळलो, पुढं अशाच संघांचा प्रशिक्षक होतो, आणि आता बेळगावात पोरांना शिकवतो. त्या अनुभवावरून लिहितो आहे.

'नाहीतरी हरायचंच आहे' हे वाक्य आधी डोक्यातून काढा. खेळवायचं की बसवायचं, ही तुमची खरी अडचण नाही. पोरगा मैदानात असताना त्याच्या डाव्या-उजव्या हाताला कोण उभं आहे आणि त्याला नेमकं कुठलं काम दिलं आहे, यावर तो घडतो की बिघडतो हे ठरतं. सगळी पोरं एकदम उतरवलेले संघ मी जवळून पाहिले आहेत. चार महिन्यांत ती पोरं घाबरून खेळायला लागतात. चेंडू आला की लांब मारून मोकळं व्हायचं, टॅकलला अर्धं पाऊल उशिरा जायचं, चुकलं की बाकाकडं बघायचं. ही सवय एकदा अंगात मुरली की काढायला दोन वर्षं लागतात. उलट वर्षभर बसवलेला पोरगा सरावात चमकतो आणि सामन्यात उतरला की त्याला सगळं दुप्पट वेगानं घडतंय असं वाटतं. म्हणजे तुम्ही विचारलेले दोन्ही रस्ते मला मान्य नाहीत.

तुम्ही काही गोष्टी लिहिलेल्या नाहीत, आणि माझं उत्तर त्यांवर बरंच अवलंबून आहे. तळाचा संघ तुमच्याकडं खालच्या डिव्हिजनला जातो का? जात असेल तर पहिलं वर्ष टिकून राहण्याचं धरा, कारण घसरलेल्या संघाच्या ट्रायलला पुढच्या वर्षी चांगली पोरं फिरकत नाहीत. खात्याचा दुसरा संघ आहे का? नसेल तर पोरांना सामने कुठून मिळणार हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवावा लागेल. आठवड्यातून किती दिवस टर्फ, म्हणजे कृत्रिम मैदान, मिळतं, आणि या पाचांत गोलकीपर कोण आहे का, हेही कळायला हवं. पुढचं सगळं मी असं धरून लिहितो की घसरण्याचा धोका थोडा आहे, दुसरा संघ नावापुरता का होईना आहे, आणि टर्फ आठवड्यातून तीन-चार दिवस मिळतं.

उरलेल्या जुन्या खेळाडूंना धरून ठेवा. नवा संघ बांधायचा म्हटलं की वरच्यांना वाटतं, ३२-३३ वर्षांची माणसं आता कशाला, सगळंच नवं करू. इथं तुम्ही ठाम राहायला हवं. मला अशा संघात कमीत कमी तीन जाणते लागतात: मागं बचावाला एक फुल बॅक, मधल्या फळीत एक सेंटर हाफ आणि पुढं सर्कलपाशी, म्हणजे समोरच्या गोलपुढच्या अर्धवर्तुळापाशी, एक फॉरवर्ड. गोलकीपर अनुभवी मिळाला तर फारच बरं. आपल्या गोलपासून समोरच्या गोलपर्यंत प्रत्येक टप्प्यावर एक तरी माणूस असा हवा, ज्याला पुढं काय होणार ते दोन पास आधी दिसतं. त्याचा वेग कमी झालेला मला चालतो. त्यानं बोललं पाहिजे. मागून 'डावीकडं बघ', 'थांब', 'आता जा' असं सांगणारा माणूस असेल तर १८ वर्षांच्या हाफचं निम्मं ओझं कमी होतं आणि त्याचं डोकं चेंडूवर राहतं.

सगळेच जुने ठेवा असं मात्र मी म्हणत नाही. सरावाला वेळेवर येणारा, चूक झाल्यावर पोराला शिवी न देता पुढचं सांगणारा, आणि उद्या याच पोरानं आपली जागा घेतली तरी त्याला शिकवणारा माणूस ठेवा. गोल करतो पण सरावाला दांडी मारतो, असा ज्येष्ठ मी सोडून देतो. त्याच्याकडून पोरं एकच शिकतात, की नाव झालं की मेहनत संपते. ज्यांना ठेवाल त्यांना आधी खासगीत बोलावून स्पष्ट सांगा की पुढच्या वर्षी तुमची मिनिटं कमी होतील, आणि या दोन पोरांची जबाबदारी तुमची. मान देऊन सांगितलं की बहुतेक जण ते मनापासून करतात.

आपल्या राष्ट्रीय संघाची वाट आठवून बघा. २००८ ला बीजिंग ऑलिंपिकची पात्रताच हुकली, १९२८ पासून पहिल्यांदाच. २०१२ ला लंडनला गेलो आणि बाराव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहिलो. २०१६ ला रिओत आठवे. त्याच वर्षी डिसेंबरात लखनौला आपण कनिष्ठ विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात बेल्जियमला २-१ असं हरवलं, गोल गुरजंत सिंग आणि सिमरनजित सिंग यांचे. त्या संघातले हे दोघं, शिवाय हरमनप्रीत, मनदीप, सुमित आणि वरुण कुमार २०२१ ला टोकियोत कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात होते. पण मधे जवळजवळ पाच वर्षं गेली. त्या काळात श्रीजेश, मनप्रीत, रुपिंदरपाल, बिरेंद्र लाक्रा ही जाणती माणसं त्यांच्या आजूबाजूला होती. सिमरनजित तर टोकियोला आधी राखीव म्हणूनच निवडला गेला होता. राखीव खेळाडूंनाही खेळायची मुभा मिळाली, आणि जर्मनीविरुद्धचा पदकाचा सामना आपण ५-४ जिंकला त्यात त्याचे दोन गोल होते. देशातली सगळ्यात हुशार पोरं, त्यांना इतका वेळ लागला. तुमच्या पोरांना तीन वर्षं द्यायला वरिष्ठ तयार आहेत, ही मोठी गोष्ट आहे. ती पहिल्या सहा महिन्यांत उधळू नका.

आता मिनिटांचं बोलू. हॉकीत खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतो. नवीन पोरं घडवायला ही फार मोठी सोय आहे, आणि आपल्याकडचे बरेच प्रशिक्षक ती फक्त दमलेल्याला विश्रांती द्यायला वापरतात. १५ मिनिटांचे चार भाग आहेत. नव्या फॉरवर्डला मी सुरुवातीला प्रत्येक भागात एकदाच, चार-पाच मिनिटांसाठी उतरवतो. म्हणजे सामन्यात १६ ते २० मिनिटं होतात. तेवढ्यात तो जीव तोडून पळू शकतो, आणि बाहेर आला की लगेच त्याच्याशी एकाच गोष्टीवर बोलता येतं. एकच. 'त्यांचा उजवा बॅक चेंडू घेताना आत वळतो, तुला दिसलं का?' पुढच्या वेळी तो तेच बघायला आत जातो. आठ-दहा सामन्यांनंतर मिनिटं वाढवायची. मात्र ही मिनिटं आधीच ठरलेली हवीत आणि पोराला ती माहीत हवीत. चूक केली म्हणून ओढून बाहेर काढलेला पोरगा पुढच्या वेळी चेंडू मागतच नाही.

पाचही पोरं एका वेळी आत नकोत. मी दोनाच्या वर जात नाही, तिसरा फार झाला. आणि ते दोघं एकाच बाजूला तर कधीच नकोत. डावा हाफ नवा आणि डावा इन्साइडही नवा असेल, तर समोरचा प्रशिक्षक पाच मिनिटांत ओळखतो आणि सगळे हल्ले तिथूनच आणतो. तालमीत वस्ताद जोड लावताना नवख्याला एकदम फडातल्या पैलवानापुढं सोडत नाही, आणि रोज लहानग्याशीही खेळवत नाही. थोडा वरचढ गडी निवडतो. तुम्हालाही सामने बघून हेच करायचं आहे. समोरचा संघ आक्रमक प्रेस करणारा, म्हणजे पुढं चढून चेंडू हिसकावणारा, असेल तर नव्या बॅकची मिनिटं कमी करा आणि नव्या फॉरवर्डची वाढवा. गुणतक्त्यात मधे असलेल्या संघाविरुद्ध बॅकला पूर्ण भाग खेळू द्या.

एक गोष्ट मी हट्टानं सांगतो. पेनल्टी कॉर्नर (गोलजवळ बचावाची चूक झाली की समोरच्याला मिळणारी हल्ल्याची संधी) अडवताना सगळ्यात पुढं धावून जायचं काम संघातल्या सगळ्यात लहान पोराला देण्याची वाईट रीत आपल्याकडं अजून आहे. 'पोरगा चपळ आहे, जाऊ दे' म्हणतात. समोरून ड्रॅग फ्लिक, म्हणजे स्टिकनं ओढून जोरात फेकलेला चेंडू, येतो; कुठल्या रेषेनं धावायचं, स्टिक कुठं ठेवायची, अंग कसं आडवं ठेवायचं हे शिकवल्याशिवाय त्याला तिथं पाठवू नका. तोंडाचा मास्क आणि गुडघ्याचे पॅड नसतील तर अजिबात नको. गुडघ्यावर चेंडू बसला की हंगाम गेला, आणि पोरगं मनानंही मागं सरतं.

पोराला खालच्या, म्हणजे दुसऱ्या संघात पाठवायचं म्हटलं की प्रशिक्षकाला संकोच वाटतो. संकोच कशाला? रिओ ऑलिंपिक खेळून आलेला हरमनप्रीत चार महिन्यांत लखनौला कनिष्ठ संघाकडून खेळला. पुढं तोच देशाचा कर्णधार झाला. दिलप्रीत सिंग २०१८ चा विश्वचषक खेळला, नंतर संघाबाहेर गेला, आणि परत येऊन टोकियोत पदक घेतलं. अमित रोहिदास २०१३ ला देशाकडून खेळला, बाहेर गेला, २०१७ ला परतला, आणि पुढं दोन ऑलिंपिकची कांस्यपदकं मिळवली. खाली जाण्यात अपमान नाही, पण ते कसं सांगितलं जातं याला फार महत्त्व आहे. संघ जाहीर करताना यादीत नाव नसणं, यातून पोराला कळता कामा नये. आदल्या दिवशी बाजूला घेऊन सांगा: 'दुसऱ्या संघात तू सेंटर हाफला पूर्ण ६० मिनिटं खेळणार, तुझ्या अंगावर संघाचा खेळ असणार, आणि मला बघायचं आहे की दबावात तू उलट्या बाजूला चेंडू फिरवतोस का.' मग तो सामना स्वतः जाऊन बघा. तुम्ही बघायला गेला नाही, तर तुमचं सगळं सांगणं त्याला थाप वाटेल.

माझा आराखडा ढोबळ असा असतो: महिन्यात मुख्य संघाकडून थोडी थोडी मिनिटं, दुसऱ्या संघाकडून एक-दोन पूर्ण सामने, आणि सराव कायम मुख्य संघाबरोबर. दुसऱ्या संघाला पुरेसे सामने नसतील तर बेंगळूरच्या महाविद्यालयांशी आणि अकादमींशी मैत्रीचे सामने ठरवा. सुट्टीत पोरं गावी आली तर बेळगावच्या किंवा कोल्हापूरच्या क्लबकडून सरावाचे सामने खेळू द्या. स्पर्धेत उतरायचं असेल तर त्यांची नोंदणी कुठल्या राज्याकडून आहे ते आधी कागदावर बघा. सीमेवरच्या पोरांचा हा घोळ नेहमी होतो. घर इकडं, मामा तिकडं, आणि कुणीतरी उत्साहानं दुसऱ्याच राज्याच्या ट्रायलला नेलेलं असतं.

जागेप्रमाणं घाई कमी-जास्त करा. फॉरवर्ड लवकर पिकतो, १८-१९ ला तो तयार असू शकतो, कारण त्याची चूक गोलपासून लांब होते. बॅकला वेळ लागतो. त्याला समोरच्याची चाल ओळखायची असते आणि ती डोळ्यांनी शेकडो वेळा पाहिल्याशिवाय येत नाही. गोलकीपर सगळ्यात उशिरा. श्रीजेशनं २००६ ला आंतरराष्ट्रीय हॉकीत पाऊल टाकलं आणि ऑलिंपिक पदक गळ्यात पडलं ते २०२१ ला. ज्या मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या बेळगावात आहे, त्या रेजिमेंटचे शंकर लक्ष्मण १९५६, १९६० आणि १९६४ अशी तीन ऑलिंपिक गोलमध्ये उभे राहिले, दोन सुवर्ण आणि एक रौप्य. अशा जागेवर पोरगं एका रात्रीत तयार होत नाही. तुमच्या पाचांत गोलकीपर असेल तर त्याला जाणत्या गोलकीपरच्या हाताखाली दोन वर्षं ठेवा आणि दुसऱ्या संघाचे सगळे सामने द्या.

ड्रॅग फ्लिक मारणारा पोरगा असेल तर त्याच्या कमरेची काळजी घ्या. फ्लिक चांगला बसायला लागला की पोरं नादावतात, सराव संपल्यावर एकटी थांबून शंभर-शंभर मारतात. ती वाकण्याची आणि पिळण्याची हालचाल वाढत्या वयाच्या कमरेला फार जड जाते, मणक्याला बारीक तडा जाऊ शकतो. मी २० वर्षांखालच्या पोराला आठवड्यातून तीनच दिवस आणि एका वेळी ३०-४० फ्लिकच मारू देतो, आणि ते मोजायला कुणालातरी उभं करतो. कमरेत एकाच बाजूला दुखतंय म्हणाला की त्याच दिवशी थांबवायचं आणि डॉक्टरला दाखवायचं. मलम चोळून खेळवायचं नाही.

आता आपल्या भागातल्या तीन पोरांविषयी. याबद्दल जरा लांबण लावतो, कारण बेंगळूरचा प्रशिक्षक नेमका इथंच त्यांना चुकीचं वाचतो.

ही पोरं मातीवर शिकली आहेत. टिळकवाडीच्या लेले मैदानावर म्हणा, शाळेच्या मैदानावर म्हणा, चेंडू कुठं उडेल सांगता येत नाही, म्हणून पोरगं शेवटच्या क्षणापर्यंत चेंडूवर डोळे ठेवतं, आधी तो थांबवतं, मग मान वर करतं. मातीवर हे बरोबरच आहे. टर्फवर तेवढ्यात समोरचा अंगावर येतो. तिथं चेंडू येण्याआधीच खांद्यावरून मागं बघून घ्यायचं असतं आणि चेंडू घेतानाच अंग उघडं ठेवून पुढच्या दिशेला वळायचं असतं. प्रशिक्षक म्हणतो, पोरगा मंद आहे. तो मंद नसतो, त्याचा क्रम वेगळा असतो. हा क्रम बदलायला मला साधारण एक हंगाम लागतो. रोज सरावाच्या सुरुवातीला २० मिनिटं फक्त चेंडू घेणं: घेण्याआधी मागं उभ्या असलेल्या माणसानं किती बोटं वर केली ते ओरडून सांगायचं, मग चेंडू घ्यायचा. कंटाळवाणं आहे, पण याच्याइतका गुण दुसऱ्या कशानं येत नाही.

आणि मातीनं त्यांना जे दिलं आहे ते पुसू नका. मनगट, अंगाजवळची ड्रिबल, उसळलेला चेंडू हवेतच खाली घ्यायची नजर, ही टर्फवर वाढलेल्या पोरांत कमी सापडते. आपल्या बेळगावचे बंडू पाटील १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात होते. तेव्हा ऑलिंपिकही गवतावर व्हायचं. १९७६ ला मॉन्ट्रियलला कृत्रिम मैदान आलं आणि भारत सातवा आला. कसब तेच होतं, पायाखालची जमीन बदलली होती. तुमच्या तीन पोरांचं आज तेच झालं आहे, आणि त्यांना ते असं समजावून सांगितलं तर त्यांचा धीर सुटत नाही. पिंढऱ्या आणि कंबर मात्र टर्फवर पहिले दोन महिने दुखणार. पहिल्या आठवड्यापासून रोज टर्फवर पळवू नका.

संघाची बैठक हिंदी, कन्नड आणि इंग्रजीच्या मिश्रणात होते. आमची खानापूरची पोरं घरी मराठीत बोलतात, कन्नड बाजारापुरती येते, हिंदी टीव्हीची. बैठकीत सगळं कळल्यासारखी मान हलवतात आणि मैदानात भलतीकडंच उभी राहतात. मग त्यांच्यावर 'ऐकत नाही' असा शिक्का बसतो. बैठकीनंतर पाच मिनिटं त्यांना फळ्यापाशी बोलवा आणि 'समजलं का' असं विचारू नका. 'आपला चेंडू गेला तर तू कुठं उभा राहणार, दाखव' असं विचारा. खोलीत त्यांना एकत्र ठेवू नका, हेही सांगतो. पहिले दोन महिने त्यांना एकटं वाटेल, पण कोडगूच्या किंवा हुबळीच्या पोराबरोबर राहिला की दिवाळीपर्यंत त्याची जीभ सुटते, आणि मैदानात हाक मारायला जीभ सुटलेलीच लागते.

जेवणाकडं लक्ष ठेवा. भाकरी-आमटीवर वाढलेलं पोरगं मेसमध्ये लाजून अर्धपोटी उठतं. दर पंधरवड्याला वजन घ्या, घसरलं की विचारा. स्टायपेंड हाती आला की त्यातला मोठा वाटा घरी जातो आणि दूध-अंडी बंद होतात. मी स्वतः व्यवस्थापनाला सांगून खुराकाचे पैसे परस्पर मेसला द्यायला लावले होते, तुम्हीही तसंच बघा. पोरानं घरी पैसे पाठवणं चुकीचं नाही, पण खायचे पैसे त्यात जायला नकोत.

सुट्ट्या हंगामाच्या सुरुवातीलाच ठरवा. गणपतीला आपल्याकडचं पोरगं घरी जाणारच, अडवलं तर मन तिकडं आणि पाय इकडं. नोव्हेंबरात कारखाने सुरू झाले की चिकोडीकडच्या घरातून ऊसतोडीसाठी बोलावणं येतं. रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं जाऊन एक दिवस शेतात राबून पुढच्या रात्रीच्या गाडीनं परत आलेल्या पोराला लगेच सामन्यात उतरवलं तर पायाचा स्नायू दुखावतो, हे ठरलेलंच आहे. आल्यावर एक दिवस हलका सराव, मगच सामना. घरच्यांना आधी कळवलं तर ते ऐकतात. आपल्या भागातली माणसं खेळाला किंमत देणारी आहेत, फक्त त्यांना कुणी नीट सांगत नाही.

वरिष्ठांना काय दाखवायचं, हा तुमच्यासमोरचा अवघड भाग आहे, कारण फाइलवर फक्त गुणतक्ता जातो. मी त्याच्याबरोबर एक पान जोडत असे. प्रत्येक तरुण खेळाडूची मिनिटं, त्याच्यामुळं मिळालेले आणि त्याच्यामुळं गेलेले पेनल्टी कॉर्नर, सर्कलमध्ये किती वेळा चेंडू पोचवला, दबावात किती वेळा चेंडू गमावला. एखादं कारकुनी डोकं असलेलं पोरगं बाकावर बसवून हे वहीत लिहून घेता येतं. पहिल्या वर्षी संघाचा गुणतक्ता जवळपास तोच राहील, पण मोठ्या फरकानं होणारे पराभव कमी झाले पाहिजेत. ३-२ नं हरणारा संघ शिकतो आहे, ७-० नं हरणारा संघ शिकत नाही. दुसऱ्या वर्षी पाचांतले दोन जण कायमचे अकरामध्ये बसायला हवेत. पाचही बसतील अशी आशा वरिष्ठांना दाखवू नका. पाचांतून दोन चांगले आणि एक कामापुरता निघाला, तरी तुमचं काम उत्तम झालं असं मी म्हणेन.

राहिले ते वडील. त्यांचा फोन टाळू नका. हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाली, लिलावात हरमनप्रीतला ७८ लाख मिळाले, हे आता गावागावांत माहीत आहे, आणि बापाला वाटतं आपलं पोर बाकावर बसून ते सगळं घालवतंय. त्यांना आकडे समजावून सांगा. लीग परत आली त्या हंगामात पुरुषांच्या एका संघात २४ खेळाडू, त्यात कमीत कमी १६ भारतीय, आणि त्यांतले चार कनिष्ठ असा नियम होता. आठ संघ धरले तर देशभरातून कनिष्ठांच्या जागा ३२ होतात. तिथं पोचायचा रस्ता याच चार-पाच मिनिटांच्या पाळ्यांतून जातो. त्यांना महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी तुम्हीच फोन करा आणि तीन गोष्टी सांगा: या महिन्यात किती मिनिटं खेळला, काय सुधारलं, पुढच्या महिन्यात कशावर काम आहे. फोनची वेळ तुमच्या हातात आली की सारखे येणारे फोन थांबतात. शक्य असेल तर एकदा सामना बघायला बोलवा, आणि ते येतील तेव्हा पोराला खेळवायचं म्हणून खेळवू नका, आधी ठरलं असेल तेवढंच खेळवा.

करार संपण्याच्या सहा महिने आधी प्रत्येक पोराला त्याची स्थिती तोंडावर सांगायची, हे आत्ताच ठरवून ठेवा. ज्याचं जमणार नाही असं तुम्हाला वाटतं, त्याला शेवटच्या महिन्यात कळता कामा नये. त्याला दुसऱ्या खात्यांच्या ट्रायल द्यायला वेळ हवा, खेळाडूंच्या कोट्यातल्या नोकऱ्यांचे अर्ज भरायला हवेत. आणि पदवी सुटली असेल तर ती आजच, पहिल्याच वर्षी, बाहेरून परीक्षा देऊन का होईना पुन्हा सुरू करायला लावा. पाचही जणांना, चांगल्या खेळणाऱ्यालाही. परीक्षेच्या तारखा आणि सामन्यांच्या तारखा एकाच कॅलेंडरवर लिहून पोरांच्या खोलीत लावा.

गोलकीपर कोण आहे आणि दुसऱ्या संघाचे वर्षाला साधारण किती सामने होतात, एवढं कळवा. मग पहिल्या तीन महिन्यांचा मिनिटांचा तक्ता मी तुम्हाला बसून करून देतो.